राखणीचा वाटा

फजिती माझी स्वतःची आहे, तेव्हा सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. चहा घ्या आणि बसा. सत्तरी ओलांडलेली बाई पंधरा दिवस रोज दुपारी एका सुरूच्या झाडापुढे बसून गप्पा मारत होती, त्याची ही गोष्ट. वेड लागलं नव्हतं मला. आधी ऐका, मग ठरवा.

आमचं घर मुरब्याला, गावाच्या पार टोकाला. पुढे सुरूचं बन, मग वाळू, मग दर्या. मागे खाडी आणि तिवरं. मी नवरी म्हणून आले तेव्हा या टोकाला सात घरं नांदत होती. मग एकेकाची पोरं बोईसरला कारखान्यात लागली, तिकडेच खोल्या झाल्या, आणि इकडे दारांना कुलपं. आता संध्याकाळी दिवा लागतो तो माझ्या एकटीच्या घरात.

माझा लेक मोरेश्वर, तोही तिकडेच, बोईसरजवळ सरावलीला. कारखान्यात शिफ्टवर जातो. सून आहे, दोन नाती आहेत. महिन्यातून एखाद्या रविवारी येतो, पिशवीभर सुके बोंबील नेतो आणि निघताना म्हणतो, "आये, सांभाळून रहा." कुणापासून सांभाळून राहू? सांभाळून राहायलासुद्धा आजूबाजूला कुणीतरी असावं लागतं.

तर गेल्या थंडीत ते कुणीतरी आलं. गावात बोभाटा झाला की सुरूच्या बनात बिबट्या फिरतो.

आता आम्ही दर्याची माणसं. आभाळ बघून वारा सांगेन, डोळा बघून मासळी कालची की आजची ते सांगेन. पण बिबट्या? माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी वाघ खाडीवर पाणी प्यायला यायचा. खाडीचं खारं पाणी वाघ कशाला पिईल, असं मी विचारलं की पाठीत धपाटा बसायचा. पुढे जंगल तुटलं, वाघ गेला, कारखाने आले. आणि आता बघा, कारखान्यांच्या भिंतींच्या कडेकडेनं, रेल्वेचे रूळ ओलांडून हा परत दर्यापर्यंत आला. आमची माणसं इथून बोईसरला गेली, बिबट्या तिकडून इकडे आला. मी म्हटलं, चला, गावात राहायला कुणाला तरी यावंसं वाटलं.

पण मोरेश्वर बातमी ऐकून बुधवारी आला. बुधवारी! धनी गेले त्यानंतर तो रविवार सोडून कधी आला नव्हता. बसायच्या आधीच म्हणाला की कपडे भर, तू सरावलीला चल.

सरावली वाईट नाही हो. सून तर गुणाची आहे. पण चौथ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. मोरेश्वर रात्रपाळी करून दिवसा झोपतो, म्हणून सगळं घर कुजबुजतं. मी तिथं पातेल्यावर झाकण ठेवतानासुद्धा श्वास धरते. माझा आवाज कसला, ठाऊक आहे ना? चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली. मी या गल्लीत हाक मारली की पुढच्या गल्लीतली बाई ताट घेऊन दारात उभी. तो आवाज घेऊन मी त्या खोलीत काय करू? आणि माझ्या घरात अंथरुणावर पडल्या पडल्या भरती ऐकू येते. तिथं शेजारचा मिक्सर ऐकू येतो.

मी हटून बसले. शेवटी मोरेश्वरनंच तोड काढली. जंगलखात्याची माणसं कॅमेरा लावणार होती, आमच्याच घरापुढच्या बनात.

"त्यात बिबट्या इथं दिसला, तर तू गुपचूप सरावलीला यायचं," तो म्हणाला. "नाय दिसला, तर मी परत तोंड नाय उघडणार."

"कबूल," मी म्हटलं. हातावर हात मारला. आमच्याकडे शब्द दिला की दिला.

दुसऱ्या दिवशी जंगलखात्याचा गार्ड आला. जव्हारकडचा, अगदी तरणा, पायातले बूट काढून ओट्यावर बसला म्हणून मला आवडला. त्यानं जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी काढली आणि माझ्या बोंबलाच्या वलांड्यांपलीकडे, म्हणजे बांबूच्या ज्या मांडवावर आम्ही बोंबील सुकत घालतो त्याच्यापलीकडे, सुरूच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर पट्ट्यानं बांधली. वर एक कागद चिकटवला. म्हणाला, "आजी, यात आमाला सगळं दिसतं. तुमी बिनघोर रहा. पंधरा दिवसांनी येतो."

इथं माझी गाडी घसरली. पण घसरली कशी ते समजून घ्या. माझी थोरली नात फोनवरून बोलते तेव्हा त्या फोनला असाच गोल डोळा असतो. मी डोळ्यापुढे बसते आणि ती तिकडून मला बघते. मग इथं डोळा आहे, गार्ड स्वतः सांगतो की आम्हाला सगळं दिसतं, म्हणजे तिकडे कुणीतरी बसलेलं असणारच. यात माझं काय चुकलं? शाळेची पायरी मी चढले नाही, त्यामुळे तो कागद मला वाचता येईना. मला वाटलं, साहेबाच्या नावाची पाटी.

पहिल्या दिवशी मी नुसतं समोर जाऊन म्हटलं, "जेवलात का साहेब?" आत बारीक लाल काहीतरी लुकलुकलं. म्हटलं, झाली ओळख.

साहेब बोलत नव्हता, हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. पण कामावरचा मोठा साहेब कशाला बोलेल? बँकेतला तरी कुठे बोलतो? ऐकून घेतो, एवढं पुष्कळ.

मग रोजचंच झालं. दुपारी भांडी घासून झाली की मी धुवट लुगडं नेसायची, केस विंचरायची, आणि डोळा गुडघ्याएवढ्या उंचीवर म्हणून समोर गोणपाट टाकून खालीच बसायची. साहेबापेक्षा उंच उभं राहून बोलणं बरं दिसत नाही. बसल्या बसल्या आधी कामाचं सांगायची, "साहेब, आज पण बिबट्या आला नाय. लिहून घ्या." माझं घर त्याच्या हातात होतं ना. ते झालं की मग माझं.

काय काय सांगितलं विचारू नका. सासूनं मला पहिल्या दिवशी कोळंबी सोलायला बसवलं ते सांगितलं. सात घरांतल्या प्रत्येकाचं नाव, कुणाच्या होडीचं काय नाव, कुणाची पोर कुठे दिली, सगळं. सुनेबद्दलही दोन शब्द गेले, खोटं कशाला बोलू? धनी गेले तो दिवस मी आजवर कुणापाशी काढला नव्हता. मोरेश्वरपाशीही नाही, त्याला सुटीच कुठे असते? तो दिवस मी नवव्या की दहाव्या दुपारी साहेबाला सांगितला, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत. साहेबानं एकदाही मध्ये तोडलं नाही. असा माणूस मिळतो का हो आजकाल?

आता वाट्याचं. आमच्याकडे वलांडीवर मासळी पडली की कावळ्याकुत्र्यांपासून राखण करायला कुणीतरी बसतं. आणि ज्यानं राखण केली त्याचा वाटा आधी काढायचा, मग बाकीचं घरात न्यायचं. राखणदाराला उपाशी ठेवणारीच्या वलांडीवर पुढच्या साली आळ्या पडतात. माझ्या आईनं हे मला चालायच्या आधी शिकवलं. मग साहेब रात्रंदिवस माझी राखण करतो आणि मी त्याला सुका ठेवू? दुसऱ्याच दिवशी मी दहा सुके बोंबील पळसाच्या पानावर घालून पेटीखाली ठेवले.

सकाळी पान रिकामं. म्हटलं, साहेबाचा माणूस येऊन घेऊन गेला.

कुत्र्यानं नेलं असेल अशी शंका आली नाही का, असं तुम्ही विचारणार. आली होती. पण बिबट्याच्या भीतीनं कुत्री कधीच गावाच्या त्या टोकाला पळाली होती. आणि कावळा पान चाटून पुसून ठेवत नाही. इतकं स्वच्छ पान म्हणजे माणूस संस्कारी असणार.

मग मला चेव आला. बोंबलानंतर सुके बांगडे दिले. तेही गेले. एक दिवस म्हटलं, नेहमी सुकं काय द्यायचं, म्हणून मांदेली हळद-मीठ-मसाला लावून छान तळून ठेवली. ती मात्र सकाळी तशीच. एकीलाही हात नाही. मी मनात म्हटलं, बिचाऱ्याला पित्त असेल, बसून बसून काम. दुसऱ्या दिवशी खाडीतली ताजी बोय ठेवली, कच्ची, सबंध. ती गेली. म्हणजे घरी बायको आहे, ती करून घालत असणार. तेवढ्यावरून मी साहेबाचा सगळा संसार मांडला. त्या दुपारी विचारलंसुद्धा, पोरंबाळं किती?

पंधरावा दिवस आला. मोरेश्वर सुटी घेऊन आला, गार्ड आला. मी निवांत. रोज स्वतः जबानी दिली होती की बिबट्या आला नाही. मोरेश्वरला म्हटलं, कपडे भरायची पिशवी आणलीयस ती बोंबील न्यायला वापर.

गार्डनं पेटी उघडून आतलं बोटाच्या नखाएवढं काहीतरी काढलं आणि मांडीवरच्या कॉम्प्युटरमध्ये घातलं. आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंनी वाकलो.

त्यानं आधी दिवसाचे फोटो उघडले. पहिला फोटो माझा. दुसरा माझा. तिसरा, चौथा, दहावा, विसावा, मीच. मी गोणपाट टाकतेय. मी हातवारे करतेय. मी हसतेय. मी पदरानं डोळे पुसतेय. गार्ड आधी हसू दाबत होता. मग त्यानं दाबायचं सोडलं, कारण त्याला हसूच येईनासं झालं.

"आजी," त्यानं हळूच विचारलं, "तुमी कोणाशी बोलत होता?"

"तुमच्या साहेबाशी."

त्यानं मोरेश्वरकडे बघितलं. मोरेश्वरनं जमिनीकडे. गार्डनं मग मला समजावलं की तिकडे कुणी बसलेलं नसतं, समोर काही हललं की पेटी आपोआप फोटो काढते, आणि ते सगळे फोटो पेटीतच पडून राहतात. "आणि आजी, यात आवाज येत नाय. नुसते फोटो येतात." त्या कागदावर म्हणे लिहिलं होतं, कॅमेऱ्याजवळ थांबू नये.

खरं सांगू? आधी मला बरं वाटलं. सुनेबद्दलचं कुणी ऐकलं नव्हतं. पण मग धन्यांचा दिवस आठवला. तोही कुणी ऐकला नव्हता. एवढा अख्खा दिवस सांगितला मी, पहाटेपासून.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "साहेब नाय, तर वाटा कोण नेत होतं?"

गार्डनं रात्रीचे फोटो उघडले.

पहाटेचा फोटो. माझ्या जागेवर, अगदी मी बसते तिथं, बिबट्या बसला होता. तोंडात माझे बोंबील. पुढच्या पहाटे परत. त्याच्या पुढच्या पहाटेही. पान चाटतानाचा एक फोटो होता, इतका मन लावून चाटत होता की माझ्या हाताची चव कुणाला इतकी आवडलेली मी वर्षानुवर्षं पाहिली नव्हती. तळलेल्या मांदेलीच्या दिवशीचाही होता. वास घेऊन त्यानं तोंड फिरवलं होतं.

"आजी, हा वाटसरू होता," गार्ड म्हणाला. "एक-दोन दिवसांत पुढं गेला असता. तुमी त्याला खानावळ लावली."

मी मोरेश्वर आता ओरडणार म्हणून अंग चोरून बसले. पण तो बिबट्याकडे बघतच नव्हता. त्यानं गार्डला फोटो मागे न्यायला सांगितले, आणि माझा तो डोळे पुसतानाचा फोटो परत काढायला लावला.

"आये, रोज एवढं बोलायचं असतं तुला?"

मी म्हटलं, "साहेब ऐकत होता ना."

मग मी वकिली करून पाहिली. म्हटलं, आपलं ठरलं होतं ते आपणहून येणाऱ्या बिबट्याचं. जेवायला बोलावलेला पाहुणा त्यात धरायचा नाही. गार्ड हसला. मोरेश्वर हसला नाही, आणि मला माहीत होतं की शब्द म्हणजे शब्द. मी बोंबील उतरवले, वलांड्यांचे दोर सोडले, दाराला कुलूप घातलं. सात घरांतलं सातवं.

आता सरावलीला आहे. सून प्रेमानं करते. मोरेश्वर रात्रपाळीवरून आला की झोपायच्या आधी दहा मिनिटं माझ्याजवळ बसतो आणि म्हणतो, बोल आये. पण दहा मिनिटांत कुठून सुरुवात करायची तेच मला ठरवता येत नाही, आणि तेवढ्यात त्याचे डोळे मिटतात.

परवा गार्डचा फोन आला होता, पेटी त्यानं तिथंच ठेवली होती. वाटा बंद झाल्यावर बिबट्या दोन पहाटे झाडाखाली येऊन बसला, वाट बघितली, आणि गेला निघून आपल्या वाटेनं. त्याला कुणी पिंजरा लावला नाही, गुंगीचं औषध दिलं नाही, हात लावला नाही. त्या सगळ्या बंदोबस्तात आमिष लावून धरली, गाडीत घातली आणि परक्या मुलखात नेऊन सोडली ती एकटी मी. आणि आमिषसुद्धा, बघा, माझंच होतं.