अण्णांचं जन्मघर

लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाने शनिवार-रविवारी गाडी बाहेर काढू नये. सगळी गर्दी त्या दोन दिवशी माझ्या माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन अडकते. भाऊ चिक्कीच्या दुकानात कामाला, त्याला तर तेव्हा पाणी प्यायलाही सवड नसते. म्हणून अण्णांना गावी न्यायचं ठरलं ते मंगळवारी. मी शाळेत रजा टाकली, सकाळच्या लोकलने पुण्याहून लोणावळ्याला आले आणि दारातूनच म्हटलं, "चला, आवरा. उशीर नको." मला अशी घाई करायची आणि समोरच्याला दुरुस्त करायची खोड आहे. पंचवीस वर्षं मुलांच्या वह्या तपासून ती अंगात मुरली आहे.

अण्णा म्हणजे आमचे वडील. आयुष्यभर रेल्वेत गँगमन होते, घाटात रूळ तपासत चालायचं काम. ऐंशी ओलांडली तसं त्यांचं विसरणं वाढत गेलं. आधी चष्मा विसरायचे, मग औषधं, मग आई गेल्याचंच विसरले आणि कित्येक महिने रोज संध्याकाळी ती कुठं गेली म्हणून विचारत राहिले. या सगळ्यात त्यांनी एकच गोष्ट लावून धरली होती. "मला घरी न्या. जल्मलो तितं न्या." दिवसातून दहादा. भावाने वैतागून मला फोन केला. डॉक्टर म्हणाले होते, न्यायचं असेल तर आत्ताच न्या, पुढे समोर उभं केलं तरी ओळख पटेल याचा भरवसा नाही.

आमचं गाव आंबीच्या पलीकडे. पूर्वी एसटीने उतरून बरंच चालावं लागायचं, आता कंपन्यांमुळे रस्ता दारापर्यंत गेलाय. अण्णा पुढच्या सीटवर बसले होते. धुतलेली टोपी, नवा सदरा, आणि कितीतरी दिवसांनी चेहऱ्यावर थोडा उजेड. वडगाव मागे पडलं तसे ते बोलायला लागले.

"दारातनं उतरलं का नदी," ते म्हणाले. "पायऱ्या हायेत. दगडी."

"अण्णा, आपल्या गावाला नदी नाही," मी मागून म्हटलं. "ओढा आहे."

"नदी हाय."

"ओढा, अण्णा. उन्हाळ्यात तर तोही आटतो. आठवा जरा."

भावाने आरशातून माझ्याकडे बघितलं. सोड ना, असं त्याला म्हणायचं होतं. मला सोडता आलं नाही. आठवण करून देत राहिलं की माणूस सावध राहतो, असं मी कुठंतरी वाचलं होतं आणि माझ्या सोयीचं होतं म्हणून ते मला पटलंही होतं.

गावात आमचं जुनं घर आता उरलेलं नाही. चुलतभावाने त्याच जागेवर स्लॅबचं घर बांधलंय, खाली ओटा, वर दोन खोल्या कंपनीतल्या कामगारांना भाड्याने. चुलतवहिनीने आधी अण्णांच्या पायांवर पाणी घातलं, मग चहा टाकायला आत गेली. अण्णा ओट्याशी उभे राहिले ते राहिलेच.

"हे न्हवं," ते म्हणाले.

"घर नवीन बांधलंय अण्णा, जागा तीच आहे."

"जागा बी न्हवं."

पहिल्यांदा आम्ही हसलो. दुसऱ्यांदा भावाने त्यांना धरून ओट्यावर बसवलं. ते उठले आणि गाडीकडे चालायला लागले. "मला जल्मलो तितं न्या म्हणलं व्हतं. हितं कशाला आनलं?" आवाज चढला होता. वरच्या खोलीतले कामगार कठड्याशी येऊन बघत होते. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर संताप आला. रजा टाकून, चार तास मोडून आम्ही आलो आणि यांचं हे असं. मी त्यांचा दंड धरला, परत आणून बसवलं आणि शाळेतल्या आवाजात म्हटलं, "अण्णा, ऐका. हेच तुमचं गाव. हेच घर. तुम्ही इथंच जन्मलात. तुम्हाला आठवत नाही म्हणून तसं वाटतंय. काय? इथंच जन्मलात. म्हणा बघू."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. परक्या ठिकाणी चुकलेलं मूल कुणाचा हात धरावा म्हणून बघतं, तसे बघत होते.

"म्हणा."

"व्हय," ते म्हणाले. "हितंच."

"हां, आता कसं!" मी म्हटलं. भावाने फोटो काढला आणि तिथल्या तिथे नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, अण्णा जन्मघरी. हात जोडल्याच्या खुणा धडाधड यायला लागल्या.

तेवढ्यात शेजारच्या घरातून अण्णांची चुलत बहीण आली. आमची आत्या. कमरेत वाकलेली, पण कान आणि जीभ शाबूत. तिने अण्णांच्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली आणि मला विचारलं, "कशाला आनलं गं म्हाताऱ्याला येवढं हिंदकळत?"

"जन्मले ते घर बघायचं म्हणत होते."

"मंग हितं काय हाय?" आत्या म्हणाली. "त्यो काय हितं जल्मलाय व्हय? थोरला त्यो. तुज्या आजीचं पयलं बाळतपण म्हायेरी झालं, तिकडं पवनेला. पाच म्हयन्याचं पोर घिऊन बैलगाडीतनं आली, माजी आई सांगायची. पुडं बी लय वर्सं तितंच त्याच्या आजीपाशी वाढला की त्यो. त्याच्या बापानं साळंसाठी हिकडं आनला."

"कुठलं गाव, आत्या?"

"नाव न्हाई बया ध्यानात. धरणात गेलं ते. माणसं बी पांगली."

चहा आला. कपावर साय धरली तरी आम्ही कुणी कप उचलला नाही. भाऊ फोनकडे बघत होता, हात जोडणं अजून चालूच होतं.

मला स्वतःचंच नवल वाटतं. माझं पहिलं बाळंतपण लोणावळ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये झालं. सातवा लागल्यावर मला न्यायला स्वतः अण्णाच पुण्याला आले होते, गाडीत मला खिडकीची जागा मिळावी म्हणून कुणाशी तरी भांडले होते. माझा मुलगा लोणावळ्यात जन्मला, पण गाव विचारलं तर तो माझ्या सासरचं सांगतो. भाऊ नंतरचा, तो क्वार्टरमध्येच झाला, पण थोरली म्हणून मी स्वतः माझ्या आईच्या माहेरी जन्मले. पहिलं मूल आजोळी जन्मतं हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आणि तरी गाव म्हटलं की बापाचं, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं. म्हातारा दिवसातून दहादा अगदी बरोबर सांगत होता. नदी होती. पायऱ्या होत्या. मी ते सगळं लाल शाईने खोडून काढलं.

"पवनानगरला जाऊ," मी म्हटलं. भाऊ गाडीची किल्ली घेऊन उठला.

कामशेतहून आत वळलो तेव्हा चार वाजून गेले होते. मार्गशीर्ष होता, धरण काठोकाठ. रस्त्याच्या कडेने तंबूंच्या मुक्कामाच्या पाट्या, पोह्यांच्या टपऱ्या, प्रवाशांची वाट बघणाऱ्या जीपा. एका जीपवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "कंचं गाव तुमचं? लय गावं हायेत खाली. मे म्हयन्यात पानी उतरलं का कुटं कुटं जोती दिसत्यात. आता काय दिसनार?" गावाचं नाव आम्हाला सांगता येईना. ते सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता आणि तो आमच्या गाडीत बसला होता.

मी अण्णांना हात धरून उतरवलं. पाण्यापर्यंत नेलं. समोर डोंगर, मधे ते पसरलेलं करडं पाणी, आणि वारा असा की टोपी धरावी लागत होती. मी त्यांच्या पुढ्यात उभी राहिले. या वेळी मऊ आवाजात विचारलं.

"अण्णा, इथंच होतं ना तुमचं आजोळ? कुठं होतं? कुठल्या बाजूला?"

ते पाण्याकडे बघेनात, माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मला काय हवंय त्याचा अंदाज घेत.

"नदी होती ना दारात? पायऱ्या होत्या म्हणालात. गावाचं नाव काय होतं?"

"नदी न्हाई," ते घाईने म्हणाले. "वढा."

"नाही हो अण्णा, नदी होती. तुम्ही बरोबर होतात. मीच चुकले."

"व्हय," ते म्हणाले. "तू म्हनशील ते."

भाऊ गाडीशीच थांबला होता. मी बराच वेळ अण्णांच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. मला रडू येत होतं आणि ते माझी समजूत काढावी तसं पुन्हा पुन्हा म्हणत होते, "हितंच, पोरी. हितंच जल्मलो." बोट मात्र त्यांनी दाखवलं ते मागच्या तंबूंच्या आवाराकडे.

त्या दिवसापासून घरी न्या म्हणणं बंद झालं. भाऊ म्हणतो, आता त्रास नाही काही. जेवलात का? व्हय. झोप लागली का? व्हय. मे महिन्यात पाणी उतरल्यावर पुन्हा नेऊ असं आम्ही बोलतो, पण त्यांना आता दोन माणसांनी धरल्याशिवाय उभं राहता येत नाही.

गेल्या मंगळवारी मी त्यांच्या पलंगाशी बसले होते. खोलीत आम्ही दोघंच. मी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी तुमचंच बरोबर होतं."

"व्हय," ते म्हणाले.

मला बरं वाटलं. मग माझ्यातली मास्तरीण काही गप्प बसेना. मी उलटं विचारून पाहिलं. "माझं बरोबर होतं ना, अण्णा?"

"व्हय," ते म्हणाले.