सगुणेचा मागचा पाय

सबंध सोलापुरात स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला आमच्या दाजींइतका उतावीळ माणूस दुसरा झाला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्यानं डॉक्टर आणि हौस घोड्याची. रोगी बरा होऊन, नारळ घेऊन पाया पडायला आला की हे त्याला समोर बसवून समजावत, "हे बघा, तुमचा ताप सातव्या दिवशी आपोआपच उतरायचा होता. माझ्या औषधाचा त्यात काही हात नाही." रोगी गोंधळून जाई आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या डॉक्टरची पायरी चढे. अक्का आतल्या खोलीत कपाळावर हात मारून घेई. "अहो, श्रेय घेऊ नका, पण आलेल्या माणसाला हाकलू तरी नका," असं ती म्हणे. एकदा मंडईत दाजींचा पाय कुणाच्या तरी पायावर पडला. तो बिचारा चार पावलं पुढं निघूनही गेला होता. पण 'पाय माझाच होता' हे त्याला सांगण्यासाठी दाजी गर्दीतून धावले आणि त्या गडबडीत आणखी तिघांचे पाय तुडवले. मग त्या तिघांनाही थांबवून त्यांनी कबुली दिली, हे वेगळं सांगायला नकोच.

त्या काळी शहरात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळं कुंभारीसारख्या आसपासच्या गावांना दाजी घोडीवरूनच जात. घोडीचं नाव सगुणा. भीमथडी जातीची, अंगानं बुटकी, पण बांध असो की ओढा, वरच्यावर पार करणारी. दर वर्षी संक्रांत उलटली की गावाबाहेरच्या मैदानावर हौशी घोडेस्वारांचे उड्यांचे सामने भरत. आठ अडथळे, आणि प्रत्येकाच्या आडव्या बल्लीवर एक हलकी लाकडी पट्टी. घोड्याचा पुढचा पाय लागला तर एक गुण वजा, मागचा लागला तर अर्धा. नऊ वर्षं दाजी या सामन्यांत उतरले आणि नऊ वर्षं स्वतःच्या तोंडानं हरले. पंचांच्या ध्यानीमनी नसताना हे हात वर करून ओरडत, "लागला! चौथ्याला लागला!" एका वर्षी पंचांनी "डॉक्टर, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, नाही लागला," असं बजावून सांगितलं, तर दाजी त्यांच्याशी हमरीतुमरीवर आले. आपण हरावं म्हणून इतक्या तावातावानं भांडणारा माणूस बघायला लोक लांबून येत.

पुढं पुढं त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचाही विश्वास उडाला. मग त्यांनी गेरूची युक्ती काढली. प्रत्येक पट्टीवर ओला गेरू फासायचा आणि फेरी संपली की घोड्याचे पाय तपासायचे. लाल डाग दिसला की लागला, नाही तर नाही. सामन्याच्या मंडळानं हे मान्य केलं, त्याचं मुख्य कारण म्हणजे दाजींशी वाद घालायचं त्राण कुणात उरलं नव्हतं. त्या दिवसापासून आमचे डॉक्टर धोतराचा काचा मारून, एका हातात गेरूची बादली आणि दुसऱ्या हातात घायपाताचा कुंचला घेऊन, दर घोड्यानंतर आठही पट्ट्या रंगवत फिरू लागले. स्वतःच्या फेरीआधी तर दोन हात जास्त मारत. नात्यातला माणूस पंच नसावा, हा नियमही त्यांचाच.

दहाव्या वर्षी सगुणेचा पुढचा उजवा पाय अधूनमधून सुजू लागला होता. "हे तिचं शेवटचं वर्ष. पुढं मी तिला उडी मारायला लावणार नाही," असं दाजींनी घरी सांगून टाकलं. त्या वर्षी पाय तपासणारे जनावरांचे डॉक्टर लाळ्याखुरकताच्या साथीमुळं खेड्यांत अडकले, आणि मंडळानं शाळामास्तर म्हणून माझं नाव पुढं केलं. दाजी भर मैदानात आडवे आले. "हा माझा मेव्हणा आहे. दुसरा कुणीही द्या!"

तेव्हा करकंबचा मारुती पुढं झाला. तिशीतला शेतकरी, स्वतःच्या तट्टावर स्वतः बसून आलेला, आणि दाजींना टक्कर देईल असा तो एकटाच होता. तो म्हणाला, "असू द्या की डाक्टर. मास्तर हायती त्ये. मास्तर कशाला खोटं बोलत्याल?"

त्याच्या या वाक्यानं वाद मिटला.

मारुतीची पाळी आली, तेव्हा त्याच्या खोगिराचा पट्टा तुटला. नियमानं तो बादच व्हायचा. दाजींनी सगुणेच्या पाठीवरचं आपलं खोगीर उतरवलं आणि स्वतःच्या हातानं त्याच्या तट्टावर आवळलं. मारुतीची फेरी देखणी झाली. मी पाय तपासले, तर मागच्या एका खुराला गेरू होता. अर्धा गुण वजा. मी तसं मोठ्यानं सांगितलं, आणि मारुतीनं मान डोलावली.

मग खोगीर परत सगुणेवर चढवून दाजी निघाले. सगुणा त्या दिवशी अशी काही उडाली की लोक टाळ्या वाजवायचे विसरले. आठही पट्ट्या जागच्या जागी. दाजींनी पहिल्यांदाच हात वर केला नाही. मी खाली बसून एकेक पाय उचलला. डाव्या मागच्या खुराच्या कडेला नखाएवढी लाल रेघ होती.

म्हणजे दोघं बरोबरीत, आणि पुन्हा फेरी. माझ्या डोळ्यांसमोर सगुणा पुढचा उजवा पाय टेकवत नव्हती. ती दुसरी फेरी पुरी करणार नाही, हे कुणालाही दिसलं असतं. मी अंगठ्यानं ती रेघ पुसली. मुक्या जनावराची दया आली, असं मी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितलं. खरं ते एवढंच, की दाजी एकदा तरी जिंकावेत असं मला फार वाटत होतं.

"लागला का रे?" दाजींनी विचारलं.

"नाही दाजी."

"नक्की?"

"नक्की."

पंचांचं न ऐकणाऱ्या, स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नसलेल्या त्या माणसानं माझं ऐकलं. घोडीच्या गळ्यात पडून ते लहान पोरासारखे रडले.

पुढची तीन वर्षं आमच्या घरात बक्षीस मिळालेल्या चांदीच्या प्याल्याचं कौतुक चाललं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाजी सांगत, "मास्तरांनी स्वतः पाय पाहिलेत हो!" त्या वाक्यासरशी माझ्या तोंडातला चहा कडू होई. दरम्यान सगुणा म्हातारपणानं गेली. एके दिवशी दाजींनी मला नियमांचा कागद पुढ्यात ठेवून बसवलं. म्हणाले, "तो नात्यातल्या पंचाचा नियम काढून टाक. तुझ्याकडं बघून माझं मत बदललं. माणूस सचोटीचा असला म्हणजे नातं आड येत नाही." माझ्या हातून ती ओळ खोडवेना. मी टाक खाली ठेवला आणि सगळं सांगितलं.

दाजी रागावले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी नियमांचा कागद घडी करून बाजूला ठेवला. मग इतकंच म्हणाले, "उद्या सकाळी करकंबला जायचं. तूही चल."

मारुती शेतात होता. दाजींनी प्याला त्याच्यापुढं धरला आणि एका दमात सांगू लागले. त्यानं त्यांना मधेच थांबवलं.

"ठावं हाय की मला. मी तितंच हुतो. मास्तरांच्या आंगट्याला गेरू दिसला मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या खोगिरावर बसून उड्या मारल्या, आनि तुमच्याकडंच बोट दावू व्हय? आनि डाक्टर, तुमी त्या दिशी लई खूश हुता."

"प्याला तुमचा आहे," दाजी म्हणाले.

"माजा कसा? फेरी परत झालीच न्हाय. म्या तरी कुटं जिंकलो?" आणि पुढं म्हणाला, "आता तट्टूबी न्हाय. इकलं गेल्या साली."

बांधावर आम्ही तिघं तसेच उभे राहिलो. एक फेरी राहून गेली होती, आणि ती आता कुणालाच मारता येणार नव्हती. प्याला दाजींनी मंडळाला परत केला आणि सामन्यांकडं जायचं सोडलं. माझ्यामुळं त्या भल्या माणसाची हौस गेली, याची मला आजही लाज वाटते.

मला मात्र ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत. दिवाळीला बोलावत, आग्रहानं जेवू घालत, थट्टा करत. माझ्यावरची त्यांची माया तसूभरही कमी झाली नाही, हे मी शपथेवर सांगेन. फक्त संध्याकाळी ओट्यावर बसलेलो असताना ते विचारत, "किती वाजले रे?" मी सांगे, "साडेपाच." ते "बरं" म्हणत, आणि सावकाश खिशातलं घड्याळ काढून बघत. आपण असं करतो हे त्यांच्या ध्यानातही येत नसावं. मी दुसरीकडं बघत राही.