चौकटीत माणूस नको

आमच्या मोंते पार्दोच्या रुळांवरून मालगाड्या तशा तुरळकच जातात, आणि जातात त्यातल्या बहुतेक मका नाहीतर सोयाबीन भरून. अशा गाड्यांचे फोटो कसले काढायचे, असं गावाला अजूनही वाटतं. एदेल्मा कास्कार्दो यांना कुणी हे विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. "मक्यासाठी कोण थांबतंय? मक्याच्या मागून कधीतरी भलतंच काहीतरी येतं. त्याच्यासाठी थांबायचं."

गावात त्यांना सगळे मानाने दोन्या एदेल्मा म्हणतात. फाटकाजवळ त्यांचं केस कापायचं दुकान आहे. आरशाशेजारी रेडिओ लावलेला असतो, पण त्यावर गाणी नसतात, इंजिनवाल्यांचं स्टेशनशी चाललेलं बोलणं असतं. ते बोलणं जरा वेगळं वाटलं की त्या डोक्याला रंग लावलेल्या बाईला तशीच खुर्चीत सोडून कॅमेरा घेऊन पळतात. असं एकदा घडल्यावर डॉक्टरांची बायको लालभडक केसांनी दोन महिने हिंडली. अजून ती याच दुकानात येते, कारण दुसरं दुकान नाही.

भलतंच काहीतरी खरोखर येतंही. समुद्र आमच्यापासून कुठच्या कुठे, पण एकदा मासे धरायची एक अख्खी होडी मालगाडीच्या उघड्या वाघिणीवरून गेली, आतल्या खुंटीला कुणाचा तरी कोट तसाच लटकत होता. एकदा जत्रेतल्या चक्राचे लाकडी घोडे गेले, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, फक्त पाय बाहेर. एकदा जाळीखाली झाकलेल्या मधमाश्यांच्या पेट्या गेल्या, तेव्हा गाडी लांब गेल्यावरही हवेत मेणाचा वास होता. हे सगळं दोन्या एदेल्मांकडे आहे, आणि इतकं स्वच्छ की वाघिणीवरचे आकडे वाचता येतात.

या मार्गावर आम्ही फोटो काढणारे बरेच आहोत. गाडी कुठवर आली ते फोनवरच्या गटात एकमेकांना कळवतो. गटाचे नियम दोन्या एदेल्मांनी घालून दिलेले. सगळ्यांनी उन्हाच्या बाजूला, एका रांगेत उभं राहायचं. रुळांच्या पलीकडे कुणी जायचं नाही, कारण तो मग सगळ्यांच्या फोटोत येतो. आणि सगळ्यात मोठा नियम, चौकटीत माणूस नको. गाडी, माल, आभाळ. बस.

हा नियम सगळ्यात जास्त लागू व्हायचा तो त्यांच्या नवऱ्याला. रेमिहिओ पोस्टातून निवृत्त झालेला, सडपातळ, पुढे थोडा वाकलेला माणूस. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात माते चहाचा भोपळा, म्हणजे सुकवून कोरलेल्या भोपळ्याचा पेला, आणि कायम बायकोच्या एक पाऊल मागे. गाड्यांचं त्याला काही नव्हतं.

"रेमिहिओ, सावली!"

"माझी की झाडाची?"

"तुझी! मागे हो. अजून मागे."

"एदेल्मा, मागे काटेरी तार आहे."

"मग खाली बस!"

तो बसायचा, भोपळ्यातल्या नळीने कडू चहा ओढायचा आणि आम्हाला डोळा मारायचा.

आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा. या जुलैच्या थंडीत तो गेला. छाती भरली आणि आठवड्यात सगळं संपलं. आमच्याकडे दफनानंतर थडग्यावर चिनी मातीची एक छोटी लंबगोल पाटी बसवतात, तिच्यावर माणसाचा चेहरा छापलेला असतो. नोव्हेंबरात मृतांचा दिवस येतो. त्या दिवशी सगळं गाव फुलं घेऊन दफनभूमीत येतं. तोवर पाटी नसली तर ते थडगं अनाथ दिसतं.

ऑक्टोबरात दोन्या एदेल्मांनी मला घरी बोलावलं. मी वीज सोसायटीत यंत्रं दुरुस्त करतो, आणि त्यांचे जुने फोटो संगणकावर चढवायचं कामही माझ्याकडेच होतं.

"त्याचा एक फोटो शोधून दे," त्या म्हणाल्या.

मी शोधायला बसलो. होडी सापडली, घोडे सापडले, मका तर हवा तेवढा. रेमिहिओ कुठेच नव्हता. लग्नातला एक होता, पण त्यात तो जेमतेम मिसरूड फुटलेला पोरगा. ओळखपत्रावरचा होता.

"हा नको. यात चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो," त्या म्हणाल्या. मग पडद्याकडे बघत राहिल्या. "इतकी वर्षं प्रत्येक गाडीला माझ्याबरोबर आला रे. आणि मी त्याला म्हणत राहिले, बाजूला हो."

त्या रडल्या नाहीत. नवरा गेल्यापासून त्यांचं हे असंच होतं. दर रविवारी थडग्याशी जायच्या, पाच मिनिटं मुकाट उभ्या राहायच्या आणि परत यायच्या, एखाद्या साहेबाला भेटून आल्यासारख्या.

फोटो पुढे सरकवताना मागच्या वर्षीचा ट्रान्सफॉर्मर आला. तो दिवस आमच्यापैकी कुणी विसरणार नाही. उत्तरेच्या वीजकेंद्रासाठी घराएवढा ट्रान्सफॉर्मर चालला होता, पुढेमागे असंख्य चाकांच्या दोन गाड्यांच्या मधोमध टांगलेला, माणूस चालेल त्या वेगाने. संपूर्ण गट आमच्या वळणावर जमला होता. आणि दोन्या एदेल्मांच्या सगळ्यात चांगल्या फोटोत, इंजिन आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यामधल्या फटीत, पलीकडे उभा असलेला एक लाल स्वेटर आला.

तो शेजारच्या गावचा बेकरीवाला गिझोल्फी. गाडी गेल्यावर कॅमेऱ्यात तो स्वेटर दिसला आणि दोन्या एदेल्मांनी चारचौघांत त्याचं काहीही शिल्लक ठेवलं नाही. "आंधळा आहेस का? एवढा मोठा झालास आणि कुठे उभं राहायचं कळत नाही? जा, पाव भाज!" त्याच संध्याकाळी त्याला गटातून काढून टाकलं. तो एक शब्द उलट बोलला नव्हता.

आता तो लाल ठिपका बघताना माझ्या डोक्यात साधी गोष्ट आली.

"दोन्या, गिझोल्फी तुमच्या फोटोत आलाय. म्हणजे तुम्ही त्याच्या फोटोत असणार. आणि तुमच्या मागे..."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "त्याच्याकडे मागायला जायचं? मी?"

"मी गाडी काढतो."

बेकरीत दुपारची सामसूम होती. गिझोल्फी पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आला आणि जागच्या जागी थबकला.

"काही बोलायचं राहून गेलं होतं का, दोन्या?"

"तोंड सोडायला नाही आले. मागायला आलेय." त्यांनी पर्स छातीशी धरली होती. "रेमिहिओचा फोटो हवाय. पाटीसाठी. त्या ट्रान्सफॉर्मरच्या दिवशीचा. असेल तर दे, नसेल तर तसं सांग. मी जाते."

गिझोल्फीने हात पुसले, उगाच बराच वेळ पुसले. "आहे. पण तो बघून माझ्यावर ओरडायचं नाही."

"तुझ्यावर ओरडायचं होतं तेवढं ओरडून झालंय."

मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांच्या मध्ये त्याचा संगणक होता. त्याने फोटो उघडला आणि आम्ही तिघं पडद्यावर वाकलो. त्या फटीतून पलीकडचं दिसत होतं. ऊन त्यांच्या पाठीमागून येत होतं, चेहरे खरं तर काळे यायला हवे होते. पण पुढ्यात सरकणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या फिकट पत्र्यावरून तेच ऊन उलटं फिरून दोघांच्या तोंडावर पडलं होतं. बरोबर मध्यभागी दोन्या एदेल्मा होत्या, कॅमेरा नुकताच खाली घेतलेल्या, तोंड किंचित उघडं, डोळे त्या अजस्र मालावर. त्यांच्या खांद्यामागे रेमिहिओ होता. तो थेट आमच्याकडे बघून हसत होता आणि चहाचा भोपळा उंच धरून दाखवत होता.

"याने तुला बघितलं होतं!" दोन्या एदेल्मा म्हणाल्या.

"बघितलं होतं म्हणजे? त्यानेच मला तिथे उभं केलं होतं."

"काय?"

"आदल्या दिवशी आला होता, पाव घ्यायला. म्हणाला, माझ्या बायकोचा एकही फोटो नाही. सतत कॅमेऱ्यामागे असते. उद्या पलीकडे उभा राहा आणि तिला टिप, पण तिला सांगू नकोस, वाढदिवसाला देईन." गिझोल्फीने खांदे उडवले. "मग तुम्ही इतक्या भडकलात की तो घाबरला. मला म्हणाला, आता थोडं थंड होऊ दे. मग ते थंड होतच गेलं."

"आणि मी तुला बोलत होते तेव्हा तो कुठे होता?"

"तुमच्या मागेच. मला हात जोडत होता, गप्प बस म्हणून."

दोन्या एदेल्मा मैद्याच्या पोत्यावर बसल्या. मला वाटलं, आता त्या रडतील. पण त्यांच्या मानेवर लाली चढत गेली. "लबाड," त्या म्हणाल्या. "लबाड, भित्रा, ढोंगी माणूस!" त्यानंतर गिझोल्फीला त्या हळूच म्हणाल्या, "तू तरी सांगायचंस."

"त्याला शब्द दिला होता, दोन्या."

त्यांनी त्याला गटात परत यायला सांगितलं. तो म्हणाला, येतो, पण उभा पलीकडेच राहीन. दोन्या एदेल्मांनी यावर जरा विचार केला आणि मान डोलावली.

पाट्या करणाऱ्या बेनाविदेसने फोटोत बऱ्याच चुका काढल्या. नेम बायकोवर धरलेला, त्यामुळे मागचा चेहरा जरा पुसट आहे, तो म्हणाला. ज्या बाईने पुसट आकड्यापायी चांगले फोटो फेकून दिले, ती म्हणाली, चालेल. लंबगोलात भोपळा मावत नव्हता, म्हणून त्यांनी चौकोनी पाटी घेतली. शेवटी राहिलं त्यांचं स्वतःचं कोपर, जे रेमिहिओच्या छातीवर आडवं आलं होतं.

"हे काढून टाकतो," बेनाविदेस म्हणाला. "कळणारही नाही."

"राहू दे."

"दोन्या, दगडावर जिवंत माणसाचं काही ठेवत नाहीत. बरं नसतं ते."

"कोपरच आहे ना? तेवढं आधी गेलं तर मी काही लुळी होत नाही."

मृतांच्या दिवशी मी बादली घेऊन त्यांच्याबरोबर गेलो. पाटी बसली होती. त्यांनी बाह्या वर सारल्या, ओल्या फडक्याने रेमिहिओचं तोंड पुसलं आणि एकदम सुरू झाल्या.

"वाढदिवसाला देणार होतास ना? मग कुठे होता फोटो? त्या बिचाऱ्याला मी काय काय बोलले, आणि तू मागे उभा राहून ऐकलंस! पोस्टातही असंच करायचास का, लोकांची पत्रं दाबून ठेवायचास?"

शेजारच्या थडग्यावर कार्नेशनची फुलं लावणारी बाई चपापून वळली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बादलीकडे पाहिलं. दोन्या एदेल्मांना कुणाचंच भान नव्हतं. जुलैपासून तुंबलेलं सगळं बोलणं बाहेर येत होतं, आणि मध्येच त्या थांबायच्या, त्याच्या उत्तराला जागा ठेवावी तशा, आणि मग पुन्हा सुरू व्हायच्या.