बटणाखालची ओळ

दिगंबर जिना उतरून खाली आला की त्याच्या हातावर लॅपटॉप उघडाच असायचा, ताट वाढून आणल्यासारखा. समोर जो दिसेल त्याला तो थांबवायचा. सिलिंडर खांद्यावर घेऊन आलेला गॅसवालासुद्धा सुटला नाही.

"भाऊ, एवढी ओळ वाचा आणि सांगा, हे बटण दाबलं तर काय होईल?"

"आधी सिलिंडर ठेवू का, साहेब?"

"ठेवा ना. मग वाचा."

गॅसवाल्याने वाचलं, "दाबताच लाइव्ह सुरू होईल." मग म्हणाला, "दाबलं की सुरू होईल. दुसरं काय?"

"चूक. तुमची नाही, माझी," दिगंबर म्हणाला. "दाबताच होत नाही. जरा वेळ लागतो." आणि तिथंच पायरीवर बसून त्याने 'दाबताच' खोडलं. गॅसवाला माझ्याकडे बघून कानाजवळ बोट फिरवत निघून गेला. तेव्हा मलाही तसंच वाटायचं.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लाऊडस्पीकर भाड्याने देण्यात जन्म गेला. लग्नं, सत्यनारायण, निवडणुका, सगळीकडे माझे कर्णे. सिडकोतल्या आमच्या घराची वरची खोली रिकामी होती, ती बघायला दिगंबर आला. चाळिशी उलटलेला, एकटा, सटाण्याकडचा. काम काय करतोस, मी सरळ विचारलं. तो म्हणाला, लोक कॉम्प्युटरवरून कीर्तन, क्रिकेट, शिकवण्या लाइव्ह दाखवतात, त्याचं एक सॉफ्टवेअर आहे. देशोदेशीची माणसं मिळून ते बनवतात. त्यातलं सेटिंगचं पान माझ्याकडे आहे. लाइव्ह कुठं पाठवायचं, चित्र किती स्वच्छ, आवाज कोणत्या माइकचा, हे सगळं त्या पानावर ठरतं.

"एकच पान?"

"एकच."

"मग एकदा केलं की झालं. रोज काय करतोस त्याचं?"

"बाबा, घर एकदा बांधलं की झालं का? झाडता ना रोज?"

मला ते उत्तर आगाऊ वाटलं. मी त्याला वाटेला लावणार होतो, तेवढ्यात माझी बायको सिंधू बाहेर आली. तिचं माहेर सटाण्याजवळचं. "कोनता गावना शेस रे तू?" तिने विचारलं, आणि दोघं अहिराणीत जे सुरू झाले ते मला विसरूनच गेले. खोली तिने दिली, मी नुसती किल्ली दिली. त्या दिवसापासून तो तिला मावशी म्हणायचा आणि मला बाबा. हे नातं कसं बसतं ते मी कधी विचारलं नाही.

बटणाखाली जी बारीक ओळ असते, ती तो आधी मराठीत लिहायचा, आम्हाला वाचायला लावायचा आणि मग तिकडं इंग्रजीत घालायचा. आम्ही वाचून जे सांगू ते आणि बटण जे करतं ते, यात फरक निघाला की ओळ गेलीच. "बटणाखाली खोटं लिहायचं नाही," म्हणायचा. "माणूस त्याच्या भरवशावर दाबतो."

एकदा तो दुपारपर्यंत खाली आला नाही. मी वर गेलो तर डोकं धरून बसलेला. त्याने त्या पानावर काही बदल केला होता आणि त्यामुळे लांबच्या कुठल्या तरी मास्तरने भरून ठेवलेलं सगळं पुसलं गेलं होतं. पोरं तिकडं शिकवणीची वाट बघत बसली, आणि मास्तरला लाइव्ह लागेना. त्याने दिगंबरला लिहून कळवलं होतं.

"शिव्या दिल्या का?" मी विचारलं.

"दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी लिहिलंय, माझंच काही तरी चुकत असेल, मला यातलं समजत नाही." तो पुढं म्हणाला, "मशीन चुकलं तरी माणूस स्वतःलाच मूर्ख ठरवतो, बाबा. मला ते बघवत नाही."

सिंधू मागून कळण्याची भाकरी घेऊन आली. काय झालं म्हणाली. "मावशी, मी त्याच्या घरात शिरून भांडी हलवून आलो."

"मग ठेव ना परत जागेवर! रडतोस काय? आणि आधी जेव."

तो जेवला. संध्याकाळपर्यंत भांडी जागेवर ठेवली, आणि चूक कुणाची होती तेही त्या मास्तरला कळवून टाकलं.

पुढं सिंधूचं हृदय कामातून गेलं. नाकात नळी, पलंगावरून उठायचं नाही. आमच्या खिडकीसमोर रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे दत्ताचं देऊळ. त्याच्या माडीवर दर गुरुवारी बायकांचं भजन असतं. ते सिंधूच चालवायची. ती ओळ म्हणणार, बाकीच्या मागून उचलणार. आता दुसरंच कुणी म्हणत होतं, आणि ही खिडकीकडे तोंड करून पडायची.

दिगंबरने तिच्यासाठी भजन लाइव्ह लावलं. माडीवर लॅपटॉप, पलंगासमोर टीव्ही. पण आवाज खिडकीतून आधी यायचा आणि टीव्हीत बायकांची तोंडं मागाहून हलायची.

"ह्या बाया दोनदा का म्हणतात रे?" सिंधू वैतागली.

त्याने खटपट करून ते अंतर कमी केलं, पण पाच सेकंद राहिलेच. सिंधूने टीव्ही बंद करायला लावला. म्हणाली, "मला बघायचंच नाही. मला म्हणायचंय."

मी म्हणालो, बरी झालीस की म्हण. मंडळाच्या बायका भेटायला आल्या, त्याही तेच म्हणाल्या. दिगंबर मात्र म्हणाला, "कधी म्हणायचंय, मावशी?"

"ह्या गुरुवारी. पुढचा मी धरत नाही."

माझं डोकं फिरलं. आजारी माणसाला असं विचारतात का? पण सिंधूचा चेहरा किती तरी दिवसांनी मोकळा दिसला, म्हणून अडवलं नाही.

फोन लावून बघितला. फोनला बोलणं कळतं, गाणं कळत नाही. लांब सूर लावला की तो गिळून टाकतो. तार टाकावी तर मधून वाहता रस्ता, आणि माझ्या तारा कधीच भंगारात गेलेल्या. शेवटी दिगंबर पलंगाशी येऊन बसला. "मावशी, आता लाइव्ह उलटं लावू, इथून तिकडं. तुमचा आवाज माडीवर पाच सेकंदांनी पोचेल. ते पाच सेकंद मला घालवता येणार नाहीत. तुम्ही ओळ म्हणायची आणि थांबायचं. बायका उचलतील, त्यांचा आवाज खिडकीतून येईल. तो संपला की पुढची ओळ. थांबणं जमेल का?"

"मला वाट बघायला शिकवतोस?" सिंधू म्हणाली. "ह्या स्पीकरवाल्याशी संसार केलाय मी."

गुरुवारी त्याने सिंधूच्या उशाशी माइक लावून लॅपटॉप माझ्याकडे दिला आणि तो माडीवर, बायकांकडे तोंड केलेल्या माझ्या कर्ण्याजवळ जाऊन थांबला. सगळं भरून ठेवलं होतं, मी एक बटण दाबायचं होतं. मी दाबलं. सिंधूने ओळ म्हटली. मग काहीच नाही. एक रिक्षा गेली.

"पोचलं का?"

"थांब जरा."

तिला राहवलं नाही. तिने दुसरी ओळ धरली, आणि नेमकी तेव्हाच खिडकीतून बायकांनी पहिली उचलली. सगळा गोंधळ. सिंधूने डोळे मिटले. "नाही जमत मला," म्हणाली.

माझा फोन वाजला. "बाबा, आवाज वाढवलात का? इथं फाटतोय."

वाढवला होता. ती इतकी हळू म्हणत होती, की माझा हात आपोआप तिकडं गेला. "अरे, ऐकू जाणार नाही ती."

"जातंय. इथं सगळ्यांनी टाळ खाली ठेवलेत. होता तेवढाच ठेवा. आणि मावशींना सांगा, त्यांचं नाही चुकलं, माझं मशीन उशिरा पोचवतंय."

मी तिला सांगितलं. तिने डोळे उघडले, पदर सारखा केला आणि पुन्हा सुरुवातीपासून धरलं. ओळ म्हटली, थांबली. खिडकीकडे बघत राहिली. इतकी शांतता माझ्या घरात कधी नव्हती. मग पलीकडून टाळ उचलल्याचा आवाज आला आणि सगळ्या बायकांनी मिळून तिची ओळ तिला परत दिली. ती मान डोलावून पुढची ओळ म्हणाली. असं करत करत अख्खं भजन झालं. संपल्यावर मला म्हणाली, "टाळ अजून मागंच पडतोय मेल्यांचा."

सोमवारी सिंधू गेली.

दहावं झाल्यावर मी वर जाऊन दिगंबरला म्हणालो, तिचं ते भजन लाव. त्याचा चेहरा उतरला. लाइव्ह करायचं बटण वेगळं, साठवून ठेवायचं वेगळं. "दुसरं मी चालू केलं नव्हतं, बाबा. विसरलो."

मी त्याला वाट्टेल ते बोललो. जन्मभर एक पान सांभाळतोस आणि त्यातलंच बटण विसरतोस? 'मावशी नको म्हणाल्या', 'मशीन बिघडलं', असं काहीही त्याला सांगता आलं असतं. मी मानलंही असतं. त्याने एक सबब सांगितली नाही.

त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं टाकलं. मग गावी त्याची आई अंथरुणाला खिळली आणि तो खोली सोडून निघाला. किल्ली द्यायला आला, तेव्हा इतके दिवस पोटात राहिलेलं मी विचारून टाकलं. मी पलंगाशी होतो. मला जो आवाज ऐकू आला तो धाप लागलेला, पुटपुटल्यासारखा. माडीवर काय पोचलं ते मला ठाऊक नव्हतं. मंडळाच्या बायका म्हणाल्या, काय गायल्या हो, अगदी कोकिळा. जे नातेवाईक तिथं नव्हते तेही म्हणाले. गेलेल्या माणसाबद्दल लोक बोलतातच तसं. मी त्यातलं काही घेतलं नाही.

"कसा होता रे तिचा आवाज?" मी म्हणालो.

त्याने बॅग खाली ठेवली.

"परत सुरू केल्यावर पहिल्या ओळीला कापत होता, बाबा. दुसरी मध्येच तुटली, धाप ऐकू आली. तिसरीपासून सुरात होत्या. शेवटपर्यंत."

तो गेला. मी दार लावून घेतलं आणि पलंगावर तिच्या जागी बसलो. तिसरीपासून सुरात होती. तो म्हणाला, म्हणजे होतीच.