दुसऱ्या बाजूचा दोष

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत आमच्या कारखान्यात ग्रामोफोनच्या काळ्या तबकड्या छापतात. हो, अजूनही, हल्ली तर जास्तच. नव्या रेकॉर्डचे पहिले नमुने निघाले की हेडफोन लावून ते ऐकायचे आणि कुठे टिकटिक, कुठे खरखर, ते मिनिट-सेकंदासह दोषवहीत लिहायचं, हे माझं काम. संगीत कळायची अट नाही. न कळलेलंच बरं, नाहीतर माणूस गाण्यात रमतो आणि खरखर निसटते.

गेल्या उन्हाळ्यात एका नामवंत पियानोवादकांची रेकॉर्ड आली. युरोपातल्या रोमँटिक काळातल्या रचना, सगळा एकट्या पियानोचा मामला. पियानो म्हणजे आमच्या डोक्याला ताप. तबकडीचं भोक केसभर बाजूला पडलं तरी सूर हेलकावतो. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला, सहाव्या मिनिटाला मला खोट सापडली. खालचा एक सूर किंचित उशिरा यायचा. तीच चाल पुढे आणखी तीनदा आली, तिन्ही वेळा उशीर. मी लिहिलं, ‘सूर अडखळतो, साचा तपासावा’, आणि पानावर ‘नापास’चा शिक्का मारला.

तबकड्या छापणारा प्रेसवाला उल्हासनगरचा. त्याने साचा काढून पुसला, परत बसवला. तोच दोष. दुसरा साचा चढवला. तोच दोष.

“मॅडम, मशीन एकदम ओके है. तुमचे कान सर्व्हिसिंगला टाका,” तो म्हणाला.

मी हटले नाही. बदलापूरला कात्रपच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये हट्टीपणात माझा हात धरणारं कोणी नाही. चार दिवस काम अडलं, तेव्हा मालकांनी वादकांनाच बोलावून घेतलं.

सत्तरीचे, शांत गृहस्थ. “कुठे आहे दोष, ताई?” त्यांनी विचारलं. मी वहीतल्या चार जागा दाखवल्या आणि वर शहाणपणा केला, “बाकीचे सूर अगदी चोख आहेत, सर. हा खालचा एकटाच लंगडतो.”

त्यांनी हेडफोन लावला. पहिल्या जागेला चेहरा तसाच. दुसऱ्या जागेला डोळे मिटले. चौथी यायच्या आतच त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

“साचा बरोबर आहे. खालचे सूर डाव्या हाताचे,” ते म्हणाले. मग डावा हात टेबलावर ठेवून त्यांनी एकेक बोट आपटलं. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका. करंगळी वरच थांबली. मग पडली.

मी हादरले. जिवंत माणसाच्या हाताला मी नापासाचा शिक्का मारला होता, आणि वर चार दिवस छाती फुगवून फिरले होते.

“सर, चुकलं माझं. मी खोडते ते,” मी कसंबसं म्हटलं.

“नको.” वही स्वतःकडे ओढून ते पान त्यांनी सावकाश वाचलं. चारही जागा, मिनिट-सेकंदासकट. मग फोन काढून बायकोला लावला.

“अगं, तू वर्षभर मागे लागली आहेस ना, त्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घे. उद्याचीच घे,” ते म्हणाले. “नाही, वयाचं नाही ते. मी उगीच भांडत होतो तुझ्याशी.”