तोफेच्या घरातला बुवा

माझ्या थोरल्या बहिणीला आमच्या इमारतीत तोफ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, तेवढी छाती कुणाची नाही. पण जिन्यात तिच्या चपलांचा आवाज आला की खालच्या मजल्यावरची भांडणं आपोआप मिटतात, हे मी स्वतः पाहिलंय. लोक म्हणतात, बाई विनाकारण डाफरते. साफ खोटं. कारणं जगात इतकी पडलीत की तिला शोधायला जावं लागत नाही, त्याला ती काय करणार?

आम्ही दोघी पडदे शिवतो. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दोन मशिनं, मधोमध कापायचं टेबल आणि भिंतीला कापडाचे तागे. मापं आणि कापणं ताईकडे, शिवण माझ्याकडे. एकदा एक गिऱ्हाईक मुलाला घेऊन आलं. पोराने कौतुकाने एका ताग्यावरून हात फिरवला, तर बाप म्हणतो, "हात लावू नकोस हं, नाहीतर ही बाई तुला पडद्यात घालून शिवून टाकेल." पोराचा चेहरा पांढराफटक पडला. ताईने कात्री टेबलावर आपटली.

"मी? मी शिवून टाकेन? अहो, पोराला दोन शब्द नीट सांगायची तुमच्यात धमक नाही, म्हणून मला राक्षशीण करता होय?"

गिऱ्हाईक गेलं, कामही गेलं. मला मुळीच वाईट वाटलं नाही. खरं तर तो माणूस जिना उतरत असताना मीही वरून दोन शब्द सुनावले. कारण तेव्हा आमच्याच घरात हे दुखणं चालू होतं.

ताईची मुलगी चार वर्षांची. तिला चांगलं नाव आहे, पण गोड खाऊ दिसला की ही तिथे हजर, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. ही मुंगी एकाएकी झोपेना. दिवा मालवला की किंचाळायची, "बुवा आला!" आता बुवा घरात शिरला कुठून? ताईने शोध घेतला, तर धागा शेजारच्या काकूंकडे जाऊन पोचला. आम्ही दुकानात असतो तेव्हा मुंगी काकूंकडे असते. काकू मनाने चांगल्या, पण वाटीत दोन घास उरले की लागल्याच बुवाला हाका मारायला. जेवली नाही की बुवा, झोपली नाही की बुवा, टीव्हीच्या आड आली की बुवा. म्हणजे पोर सांभाळायचं काकूंनी आणि राबायचं बुवाने!

"काकू, हे बंद करा," ताई दारातूनच म्हणाली.

"अगं, आम्हीपण बुवाला भिऊनच मोठे झालो. मेलो का?"

"मेला नाहीत. पण रात्री बाथरूमला जाताना अजून मोठमोठ्याने गाणं म्हणता, ते सगळ्या मजल्याला ऐकू येतं."

काकू आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत, पण बुवाचं नाव बंद केलं. मग ताईने वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना दम भरला. मुंगीसमोर हा शब्द काढायचा नाही, म्हणजे नाही. घरात बारीक दिवा आला. रोज झोपायच्या आधी ताई आणि मुंगी टॉर्च घेऊन कॉटखाली वाकायच्या. तिथे दोन बॅगा, एक फुटका टब आणि माझी हरवलेली चप्पल, एवढंच निघालं. मुंगी हसायलाही लागली. आम्हाला वाटलं, सुटलो.

कसलं काय! भीती गेली नाही, ती भावोजींना चिकटली.

भावोजी, म्हणजे मुंगीचे बाबा, लिफ्ट दुरुस्त करतात. दोन मजल्यांच्या मध्ये अंधारात अडकलेली माणसं त्यांचा बाहेरून आवाज आला की रडायची थांबतात, असा त्यांचा लौकिक आहे. सकाळी ते निघतात तेव्हा लेक झोपलेली असते आणि परततात तेव्हा तिची झोपायची वेळ झालेली असते. तेवढा एक तास काय तो त्यांच्या वाट्याचा. आणि त्याच तासाला मुंगी त्यांना खोलीत पाऊल टाकू देईना. ते दारात दिसले की चादर डोक्यावरून ओढून घ्यायची आणि रडून घर डोक्यावर घ्यायची. परक्यांना धीर देणारा हा माणूस स्वतःच्या घरात खांद्यावर टॉवेल टाकून स्वयंपाकघरात बसून राहायचा.

"तुम्ही तिला काही बोललात का?" ताईने तोफेचं तोंड तिकडे वळवलं.

"मी कशाला बोलू बुवा?"

"मग ती तुम्हालाच का भिते?"

"काही कळत नाही बुवा. नकोच, मी नाही जात आत. तिला त्रास होतो."

असं म्हणून त्यांनी गाऱ्हाणं मिटवलं आणि आम्ही दोघी शहाण्या ऐकत उभ्या राहिलो. आमच्या कानांत काय बोळे होते कोण जाणे! पुढचे कितीतरी दिवस भावोजींनी खोलीकडे पाहिलंसुद्धा नाही. जेवायचे, भांडं विसळायचे, बाहेरच्या खोलीत आडवे व्हायचे. ताई त्यांच्यावर चिडायची, माझ्यावर चिडायची, मशिनवर चिडायची. मलाही राग येत होता. बाप जिवंत, घरात, दहा पावलांवर, आणि पोरगी त्याच्याविना झोपते, ही काय रीत झाली?

मग एका दुपारी काकूंना कुठेतरी जायचं होतं, म्हणून मुंगी आमच्यासोबत दुकानात होती. कापायच्या टेबलाखाली चिंध्यांचं घर मांडून खेळत होती. एका बाहुलीला तिने बाबा केलं होतं. आवाज जाड करून ती म्हणाली, "दमलो बुवा आज. पाणी दे बुवा." मग बाहेर डोकं काढून मला विचारलं, "मावशी, बाबा रोज त्याला का सांगतो?"

"कुणाला?"

"बुवाला. दमलो म्हणून. त्याच्याशीच बोलत येतो ना तो?"

ताईच्या हातातला खडू खाली पडला. मला हसू फुटलं. साऱ्या इमारतीत ज्या शब्दाला बंदी, तो आमच्या घरात वाक्यागणिक येत होता आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता! पोरीचा समज असा की बाबा कामावरून येताना बुवाला सोबत घेऊनच येतात.

"दात काय काढतेस?" ताई गरजली. "पोरीने बापाला त्या मेल्याचा दोस्त समजायचं, हे हसायचं आहे?"

माझं हसू जागीच विरलं.

त्या रात्री भावोजी दारात आल्याआल्या त्यांना फर्मान मिळालं. बिचाऱ्यांनी मान डोलावली. "दमलो..." म्हणाले आणि पुढचं गिळलं. "भाजी छान झालीये..." पुन्हा गिळलं. असं वाटत होतं की माणसाला उचकी लागलीय. शेवटी त्यांनी बोलणंच सोडून दिलं.

ताई मुंगीला घेऊन कॉटवर बसली. "हे बघ, बाबाचा बुवा म्हणजे कुणी नाही. पडद्याला झालर लावतो ना आपण? तशी बाबा वाक्याला लावतो. नुसती शोभेला." मुंगीने शहाण्यासारखं ऐकून घेतलं आणि एका अक्षरावर विश्वास ठेवला नाही, हे मला दारातून दिसत होतं. भावोजी माझ्या मागे उभे होते. या खेपेला मुंगी ओरडली नाही. चादर नाकापर्यंत ओढून त्यांच्याकडे बघत राहिली.

"बाबा, तो तुझं ऐकतो?"

भावोजींनी ताईकडे पाहिलं. असलं कुणी नसतं म्हणून मघाशी सांगितलं ना, असं ताई म्हणणार, एवढ्यात मुंगी घाईघाईने म्हणाली, "मग त्याला सांग ना, मी सगळं जेवले. वाटीत काही नाही ठेवलं. खोटं नाही सांगत. काकूला विचार म्हणावं."

भावोजी माझ्या बाजूने आत गेले, कॉटच्या कडेला बसले आणि अडकलेल्या माणसांशी बोलतात त्या आवाजात दाराकडे बघून म्हणाले, "ऐकलंस का बुवा? पोरगी जेवली काय, न जेवली काय, तुझा संबंध नाही. या घरात यायचं नाही."

"न जेवले तरी?" मुंगीने विचारलं.

"न जेवलीस तरी. रडलीस तरी. टीव्हीच्या आड आलीस तरी."

मुंगी भिंतीकडे सरकली आणि तिने बाबांना जागा करून दिली.

ताई उठून स्वयंपाकघरात आली. मला वाटलं, आता काकूंचं काही खरं नाही. तिने धुतलेलीच वाटी पुन्हा घासायला घेतली. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून ठिबकत होतं, ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

"चार वर्षांची पोर," ती दातओठ खात म्हणाली, "आणि आपण जेवलो याला साक्षीदार देतेय गं."