जाऊबाईंनी गिळवलेल्या गोळ्या
मुलांनो, काल व्हिडिओ कॉलवर माझ्या बोटावरची काळी शाई पाहून तुम्ही हसलात, म्हणून हे लिहिते आहे. हत्तीपायाच्या गोळ्या समोर गिळल्या की आशाताई ही खूण करतात. शाई पाहिली की आपल्या मुर्री गावातली एक जुनी सकाळ आठवते. धान मळून झालं होतं, अंगणभर त्याचा वास होता. आशाताईंनी खुणांच्या काठीजवळ उभं करून तुमच्या आजोबांची उंची मोजली, कारण एका औषधाच्या गोळ्या उंचीवर ठरतात, आणि तीन औषधांच्या गोळ्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. आजोबा म्हणाले, "मले काही झालंच नाही, तं कायले खाऊ?" मी चष्मा लावून इंग्रजी पत्रक वाचलं, जंतू रक्तात वर्षानुवर्षं गुपचूप राहतात हे समजावलं. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, शाळा सुटली." तेवढ्यात शेजारून थोरल्या जाऊबाई आल्या आणि त्यांनी आपला सुजलेला पाय बाजेवर ठेवला. "पाहून घ्या भाऊजी. असाच पाय पायजे असन, तं नोका खाऊ." आजोबांनी मुकाट्याने सगळ्या गोळ्या गिळल्या. त्यांचं भलंच झालं, पण मला आनंद झाला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझं कधी असं ऐकलं नव्हतं. त्या क्षणी मला जाऊबाईंच्या त्या पायाचासुद्धा हेवा वाटला, आणि मी त्यांना चहाही विचारला नाही. आता आजोबा नाहीत. जाऊबाई भिंतीपलीकडे राहतात, आणि माझा हेवा अजून आहे.